टीव्हीला वायर द्या, हवा मोबाईलला राहू द्या

टीव्हीवर व्हिडिओ अडकतो म्हणून नेटचा प्लॅन वाढवायच्या आधी एक काम करा, टीव्हीपाशी जाऊन स्पीड मोजा. राउटरपाशी नाही आणि सोफ्यावर बसून पण नाही, टीव्हीच्या अगदी मागे जिथे ती स्टिक (फायर टीव्हीसारखी, टीव्हीवर नेटवरचं दाखवणारी) लटकलेली असते तिथे मोबाईल धरून मोजा. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात ज्यांच्या ज्यांच्या घरी टीव्ही अडकतो म्हणून मला बोलावलं त्या जवळपास सगळ्या घरांत राउटरपाशी शंभर एमबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट) आसपास स्पीड होता आणि टीव्हीमागे सात-आठ, कुठे तर तीन. आणि बहुतेकांनी आधी काय केलं होतं तर फोन करून शंभरचा प्लॅन दोनशेचा केला होता. बिल वाढलं, राउटरपाशी आकडा पण वाढला, टीव्हीमागे तेवढाच राहिला, कारण अडचण रस्त्यावरून येणाऱ्या फायबरमध्ये नव्हतीच, ती घरातल्या घरात शेवटच्या दहा मीटरमध्ये होती.

मला ह्याचा खरंच त्रास होतो, लोकांचे पैसे असे जाताना बघून. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते.

आधी टीव्हीला मुळात किती लागतं ते बघू. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की १०८० पी (फुल एचडी) साठी ५ एमबीपीएस आणि फोर के साठी १५ पुरेत, यूट्यूब फोर के साठी २० सांगतं. बस. म्हणजे चाळीसचा प्लॅन असेल आणि त्यातले चाळीस खरोखर टीव्हीपर्यंत पोचत असतील तर एका टीव्हीला फोर के चालून वर घरातल्यांचे मोबाईल आरामात चालतील. पण "पोचत असतील तर". आणि नुसतं पोचून पण भागत नाही, सलग पोचायला हवं. ह्यात गोम अशी आहे की ॲप काही अख्खा पिक्चर एकदम उतरवत नाही, ते चार-सहा सेकंदांचे तुकडे मागत राहतं आणि थोडे तुकडे पुढचे जमवून ठेवतं. ५ एमबीपीएसचा चार सेकंदांचा तुकडा म्हणजे २० मेगाबिट, म्हणजे अडीच एमबी (आठ मेगाबिटचा एक एमबी). एवढा तुकडा चार सेकंदांच्या आत आला की साठा वाढतो, उशीर झाला की साठा खायला सुरुवात होते, ॲप मग हलक्या क्वालिटीचा तुकडा मागतं आणि चित्र धूसर होतं, आणि साठा शून्यावर आला की ते गोल चक्र. त्यामुळे स्पीड टेस्टमध्ये सरासरी तीस दिसतोय पण मध्येमध्ये दहा-पंधरा सेकंद एकदम काहीच येत नाही असं असेल तर टेस्ट छान आणि टीव्ही अडकलेला, असं होऊ शकतं आणि होतंच.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये व्हिडिओ चालू असताना सेटिंगमध्ये जाऊन स्टॅट्स फॉर नर्ड्स चालू करा. कोपऱ्यात एक काळा चौकोन येतो, त्यात बफर हेल्थ म्हणून सेकंदांचा आकडा असतो, तो म्हणजे हा साठा. मी दुसऱ्याच्या घरी गेले की सगळ्यात आधी हे लावते आणि पाच मिनिटं नुसती बघत बसते. आकडा तीस-चाळीसच्या वर टिकून असेल आणि तरीही चित्र झटके देत असेल तर वायफायला हात लावायची गरजच नाही, ती स्टिक जुनी आहे नाहीतर तापली आहे नाहीतर तिची मेमरी भरली आहे. आणि आकडा हळूहळू उतरत जाऊन शून्याला टेकत असेल तर मग नेटवर्क. हा एवढा फरक कळला तरी अर्धं काम झालं, कारण लोक स्टिकचा राग राउटरवर काढतात आणि राउटरचा स्टिकवर.

आता घर. बडोद्यातली जुनी मराठी घरं ज्यांनी बघितली आहेत त्यांना सांगायला नको. रस्त्याला लागून अरुंद तोंड आणि आत लांबच लांब, पुढे दिवाणखाना, मग माजघर, मग मोकळा चौक, मग मागे स्वयंपाकघर, आणि भिंती विटा-चुन्याच्या, चांगल्या दीड फुटी. उन्हाळ्यात बाहेर ४२-४३ असताना ह्याच भिंतींमुळे माजघर गार राहतं, आमच्या घरचे नाना दुपारभर तिथेच असतात आणि म्हणून टीव्ही पण तिथेच. आणि फायबरवाला येतो तेव्हा त्याला घाई असते, तो वायर पुढच्या गॅलरीतून आत घेतो आणि मीटरच्या शेजारी जिथे पहिला प्लग दिसेल तिथे राउटरचा डब्बा ठोकतो आणि जातो. आमच्याकडे तो डब्बा दरवाज्याशेजारच्या कोनाड्यात, लोखंडी कपाटाच्या आड बसवला होता. म्हणजे सिग्नल आधी कपाटाला अडणार, मग दीड फुटाची भिंत, मग टीव्हीचा स्वतःचा पत्रा, आणि त्याच्या मागे बिचारी स्टिक.

सिग्नल मोजायला मोबाईलवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही ॲप चालतं, त्यात डीबीएम मध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप) उणे आकडा येतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. व्हिडिओसाठी उणे ६७ पर्यंत ठीक धरतात, ७५ च्या पुढे गेलं की भरवसा नाही. आणि हा आकडा साधा वजाबाकीसारखा वाचायचा नाही, ३ ने कमी झाला म्हणजे ताकद निम्मी झाली, १० ने कमी झाला म्हणजे दहावा भाग उरला. आमच्याकडे राउटरसमोर उणे ३८, भिंतीच्या अलीकडे ५२, आणि भिंत ओलांडून टीव्हीमागे ५ गिगाहर्ट्झवर उणे ७८. भिंतीने आणि टीव्हीच्या पत्र्याने मिळून २६ खाल्ले, म्हणजे चारशे भागांतला एक भाग पलीकडे पोचला. हे गणित मी नानांना वहीवर करून दाखवलं तेव्हा त्यांना पटलं की कंपनीला शिव्या घालून उपयोग नाही.

वायफायचे दोन बँड (लहरींचे पट्टे) असतात हे आता बहुतेकांना माहीत आहे, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ भिंतीतून जास्त जातो पण स्पीड कमी आणि गर्दी प्रचंड, ५ चा स्पीड भरपूर पण भिंतीत जास्त मरतो. २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनल (बँडमधल्या छोट्या वाटा) फक्त तीनच, १, ६ आणि ११. आता आमच्या गल्लीत घराला घर चिकटलेलं, ॲप उघडलं की शेजारीपाजारी सगळ्यांची नावं खाली खाली सरकत जातात, स्क्रीन संपते पण यादी संपत नाही. त्यात कोणीतरी हुशारी करून चॅनल ३ किंवा ४ लावून ठेवतं की मधलं रिकामं दिसतंय म्हणून, आणि ते १ ला पण त्रास देतं आणि ६ ला पण. तसं करू नका हो, तीनातलंच सगळ्यात कमी गर्दीचं एक निवडा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० केली की स्वतःचा पण फायदा होत नाही आणि शेजाऱ्याची पण वाट लागते.

आणि मायक्रोवेव्ह! हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून ठासून सांगते. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे बरोब्बर ह्याच बँडच्या मधोमध, आणि दार कितीही घट्ट असलं तरी थोडं बाहेर येतंच. शेजारच्या बेनच्या घरी टीव्ही आणि मायक्रोवेव्ह एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, टीव्ही २.४ वर. मी यूट्यूबचा तो काळा चौकोन लावून बसले होते, बफर हेल्थ ३१ होतं, त्यांनी आत ढोकळा गरम करायला लावला आणि आकडा माझ्यासमोर २८, २४, १९, ११, आतून टिंग वाजलं तोपर्यंत ६ वर आला होता आणि मग लगेच परत चढायला लागला. त्यांनी परत एकदा रिकाम्या कपात पाणी घालून लावून बघितलं, परत तेच. त्यांना वाटायचं रोज साडेआठला कंपनीवाले स्पीड कमी करतात, आणि साडेआठ ही त्यांच्याकडे जेवण गरम करायची वेळ. टीव्ही ५ वर नेला आणि तो विषयच संपला.

म्हणून टीव्ही ज्या खोलीत आहे तिथे ५ चा सिग्नल उणे ६५-६७ च्या आत मिळत असेल तर डोळे मिटून ५ लावा. आजकालच्या राउटरमध्ये दोन्ही बँडना एकच नाव असतं आणि कुठे जोडायचं ते डिव्हाइस ठरवतं, आणि स्टिका बऱ्याचदा २.४ ला चिकटून बसतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन वेगळी नावं द्या, ५ ला मागे "पाच" लावा म्हणजे घरातल्या सगळ्यांना कळेल, आणि टीव्हीला फक्त ते एकच नाव आणि पासवर्ड द्या, दुसरं विसरायला लावा. ५ मध्ये एक बारीक गोष्ट आहे, ५२ ते १४४ ही चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेली आहेत, राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं की त्याला ते चॅनल सोडून दुसरीकडे जावंच लागतं आणि तेवढ्या वेळात टीव्ही तुटतो. काही स्टिकांना तर ही चॅनल दिसतच नाहीत, मग लोक म्हणतात मोबाईलला ५ दिसतो आणि टीव्हीला का नाही. चॅनलचं ऑटो काढून ३६ ते ४८ मधलं किंवा १४९ ते १६१ मधलं एक हाताने लावून टाका. आणि ५ भिंतीत मरतो ह्याचा आपल्यासारख्यांना एक फायदा पण आहे, शेजाऱ्यांचा ५ आपल्या भिंतीपलीकडेच राहतो, त्यामुळे खोलीच्या आत हा बँड अगदी मोकळा मिळतो. दीड फुटी भिंत इथे आपल्या बाजूने उभी राहते.

राउटरची जागा बदलता आली तर त्याच्यासारखं फुकटचं औषध नाही. उंचावर, उघड्यावर, शक्यतो घराच्या मध्ये, कपाटात नाही, टीव्हीच्या मागे नाही, आरशाच्या मागे तर अजिबात नाही कारण आरशाच्या पाठीला धातूचा लेप असतो, आणि भरलेल्या पाण्याच्या टाकीच्या आड पण नाही, पाणी सिग्नल शोषून घेतं. फायबर पुढे थांबतंय म्हणून राउटर पण पुढेच असला पाहिजे असं काही नाही, फायबरवाल्याला वायर पंधरा मीटर आत घ्यायला सांगा, जोडणीच्या वेळेला सांगितलं तर सहसा घेतात, नंतर सांगितलं की कटकट करतात. फक्त फायबर काटकोनात वाकवू देऊ नका, आत काच आहे, वळण मोठं गोल हवं.

पण जुन्या घरात मला शेवटी एकच उपाय खरा वाटतो आणि तो म्हणजे वायर. टीव्ही काय उठून फिरत नाही, तो वर्षानुवर्षं त्याच भिंतीला लटकलेला असतो, मग त्याला हवेतून डेटा पाजायची गरज काय? मोबाईल फिरतो, लॅपटॉप फिरतो, त्यांना वायफाय द्या. टीव्हीला कॅट ६ ची (नेटवर्कची) वायर लावली की भिंत, मायक्रोवेव्ह, शेजारी, चॅनल सगळे प्रश्न एका फटक्यात जातात, आणि वर टीव्ही हवेतून उतरल्यामुळे बाकीच्यांचं वायफाय पण सुधारतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. वायफायवर एका चॅनलवर एका वेळेला साधारणपणे एकच जण बोलू शकतो. पंगतीत वाढपी एकच असेल आणि टोकाला बसलेल्या आजोबांना चारदा विचारल्याशिवाय ऐकू येत नसेल तर मधले सगळे ताट समोर घेऊन खोळंबतात, तसंच लांबच्या कमी सिग्नलवाल्या डिव्हाइसला तोच डेटा द्यायला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तोपर्यंत जवळचे चांगले मोबाईल पण थांबून राहतात. आणि घरात सगळ्यात जास्त डेटा ओढणारं डिव्हाइस तर टीव्हीच.

वायर घ्यायची तर कॅट ६ घ्या, कॅट ५ ई असली तरी चालेल, दोन्हीवर १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट जातं आणि आपल्या घरात फार तर वीस-पंचवीस मीटर लागते. पण आत तांबं आहे ना ते बघा. स्वस्तातल्या वायरीत आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो, ब्लेडने टोक खरवडलं की आतून पांढरं निघतं, ती दुकानदाराला परत द्या. मी रावपुऱ्यातून घेतली तेव्हा दुकानदाराने स्वतःच दोन्ही टोकं सोलून शेजारी शेजारी दाखवली, आणि तांब्याची थोडी महाग पडली तरी सगळी मिळून काही शेकड्यांतलं काम, प्लॅन वाढवून वर्षभर भरण्यापेक्षा कितीतरी कमी.

भिंतीला भोक पाडायला सगळे घाबरतात आणि ते बरोबर आहे, जुन्या भिंतीत ड्रिल घातलं की चुना भसाभसा गळतो आणि भोक एका सुताचं पाडायला जावं तर दोन इंचाचं होतं. पण आपल्या घरांमध्ये भोकं आधीपासूनच आहेत हो. दारांच्या वरची ती लाकडी जाळी, माजघराचा झरोका, चौकातल्या पन्हाळीशेजारची जुनी टेलिफोनच्या वायरीची वाट. आमच्याकडे मी राउटरपासून वायर वर नेली, छताच्या लाकडी पट्टीच्या वरच्या बाजूने, दाराच्या जाळीतून पलीकडे, मग टीव्हीच्या मागे उभी खाली प्लास्टिकच्या केसिंग पट्टीत. आईंना आधी वाटलं की भिंत विद्रूप होणार, पण पट्टीला भिंतीचाच रंग दिला आणि आता कोणाला सांगितल्याशिवाय दिसत पण नाही. एक काळजी घ्या, लाइटच्या वायरीला चिकटून समांतर नेऊ नका, चार-सहा इंच लांब ठेवा, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. टोकं क्रिंप करून (म्हणजे प्लग दाबून बसवून) घेताना आठही तारा नीट बसल्यात ना हे टेस्टरवर दाखवायला सांगा. चार तारांवर पण नेट चालतं, पण शंभरच्या वर जात नाही. टीव्हीला ते शंभर भरपूर झाले, उलट बहुतेक टीव्हींचं स्वतःचं पोर्टच शंभरचं असतं, पण उद्या तीच वायर दुसऱ्या कामाला लागेल तेव्हा राहिलेल्या चार तारा आठवतील.

दुसरं काम म्हणजे हे. घरात जुना राउटर पडलेला असतोच, ड्रॉवरमध्ये, तारांच्या गुंत्यात. तो काढा, सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (वायरीतून आलेलं नेट नुसतं पुढे देणारा) लावा, आणि ह्याच वायरीच्या मागच्या टोकाला लावून टाका, त्यातून एक वायर टीव्हीला आणि त्याचं वायफाय माजघर-स्वयंपाकघराला. त्याला तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला तरी चालतं, फक्त चॅनल वेगळं. जुन्या राउटरमध्ये असा मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (डिव्हाइसना पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा आणि वायर वॅनच्या (बाहेरच्या नेटच्या) भोकात न घालता लॅनच्या (घरातल्या डिव्हाइसच्या) भोकात घाला, काम तेच होतं. आमच्या आई आता ओट्यापाशी मोबाईल उभा करून कीर्तन ऐकत पोळ्या लाटतात, तिथे पूर्वी व्हॉट्सॲपचा फोटो पण उघडायचा नाही.

स्टिकला वायरीचं पोर्ट नसतं म्हणून बरेच जण इथेच सोडून देतात. फायर टीव्ही स्टिकसाठी छोटा एथरनेट अडॅप्टर मिळतो, तो पॉवरच्या वायरीच्या मध्ये बसतो. आणि वायर शक्यच नसेल, भाड्याचं घर आहे, घरमालक पट्टी मारू देत नाही, तर निदान स्टिक टीव्हीच्या मागून बाहेर काढा. स्टिकच्या खोक्यात एचडीएमआयची एक बोटभर लांबीची एक्स्टेंडर वायर येते, बहुतेकांकडे ती अजून खोक्यातच गुंडाळलेली असते. टीव्हीची पाठ म्हणजे पत्रा आणि स्टिकचा अँटेना त्या पत्र्याला चिकटलेला. ती बोटभर वायर लावून स्टिक टीव्हीच्या कडेला बाहेर डोकावेल अशी ठेवली तर सिग्नल लक्षात येईल इतका सुधारतो, माझ्या आत्याकडे उणे ७३ चा ६६ झाला, नुसत्या त्या तुकड्याने. आणि स्टिकला पॉवर टीव्हीच्या यूएसबीमधून देऊ नका, बऱ्याच टीव्हींचं यूएसबी तेवढी ताकद देत नाही, तिचा स्वतःचा अडॅप्टर भिंतीत लावा. फायर टीव्हीमध्ये सेटिंगमधल्या नेटवर्कवर जाऊन आपल्या वायफायच्या नावावर प्ले-पॉजचं बटण दाबलं की सिग्नल कसा आहे ते तो स्वतःच सांगतो, आधी आणि नंतर दोन्ही वेळेला बघून घ्या.

रिपीटर किंवा एक्स्टेंडर म्हणून जे भिंतीतल्या प्लगला लावायचं मिळतं त्याबद्दल सगळे विचारतात. एकाच रेडिओवरचा साधा एक्स्टेंडर तोच डेटा एकदा ऐकतो आणि एकदा परत बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. आणि लोक तो टीव्हीपाशी लावतात, जिथे मुळात सिग्नलच मेलेला आहे, तिथे तो काय पुढे पाठवणार. लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, जिथे अजून चांगला सिग्नल आहे तिथे. मेश (दोन-तीन डब्बे मिळून घरभर एकच वायफाय) चांगला, पण त्याच्या दोन डब्ब्यांमध्ये सुद्धा वायर असेल तरच तो पूर्ण ताकदीने चालतो. विजेच्या वायरीतून नेट नेणारे अडॅप्टर जुन्या वायरिंगमध्ये मी कोणाला सुचवत नाही. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदला असं पण सगळीकडे वाचायला मिळतं, त्याने पान उघडायला फरक पडेल कदाचित, पण चालू व्हिडिओ मध्येच अडकत असेल तर त्याचं कारण तिथे क्वचितच सापडतं.

एक गोष्ट मात्र कोणीच तपासत नाही ती म्हणजे अपलोड. लग्नाहून सगळे घरी आले की रात्री सगळ्यांचे मोबाईल एकदम फोटो आणि व्हिडिओ वर चढवायला लागतात, आणि टीव्ही अडकतो. वाटतं की वर चढवण्याचा आणि खाली उतरवण्याचा काय संबंध, पण टीव्हीला प्रत्येक तुकड्याची पोच वर पाठवावी लागते, ती पोच ह्या फोटोंच्या रांगेत मागे अडकली की समोरून पुढचं यायचं हळू होतं. फोटोंचा बॅकअप रात्री झोपायच्या वेळेला लावा, नाहीतर राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला आधी डेटा द्यायचा ते ठरवायची सोय) असेल तर टीव्हीला वरचा क्रमांक द्या.

मॅचचं वेगळं आहे. नाना विचारतात की पिक्चर छान चालतो मग मॅचच का अडकते. पिक्चरचा पुढचा अर्धा मिनिट सर्व्हरवर तयार असतो, तो आधी उतरवून ठेवता येतो, लाइव्ह मॅचचा पुढचा अर्धा मिनिट अजून खेळलाच गेलेला नाही, मग जमवणार काय? साठा छोटा, त्यामुळे वायफायमधला छोटासा खड्डा पण लगेच चित्रावर दिसतो. म्हणून मॅच बघणाऱ्यांनी तर वायर घ्यावीच. पण समोरच्या घरातून सिक्सची आरोळी आधी येते आणि आपल्या टीव्हीवर बॉलर अजून धावतोय, हे वायरने पण जाणार नाही, तो उशीर स्ट्रीमिंगच्या पद्धतीतलाच आहे, डिशवाल्याला चित्र आधी पोचतं. नानांनी ह्यावर खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली आहे.

सगळं केलं आणि तरीही अडकतंय तर मग कंपनीकडे वळा, पण पुरावा घेऊन. लॅपटॉप वायरीने थेट राउटरला लावा, सकाळी एकदा मोजा आणि रात्री नऊला एकदा. सकाळी पंच्याण्णव आणि रात्री वीस असेल तर घरात काही नाही, बाहेर गर्दी आहे, कारण एकच फायबर पुढे बत्तीस किंवा चौसष्ट घरांना वाटलेलं असू शकतं. दोन्ही वेळा सारखाच चांगला असेल तर कंपनीला फोन करून उपयोग नाही, परत घरातच शोधा. कंपनीचा आमच्याकडचा मुलगा आला की मोबाईल राउटरला टेकवून "बेन, स्पीड तो बराबर आवे छे" म्हणतो आणि त्याचं म्हणणं खरंच असतं, राउटरपाशी बराबरच आवे छे. त्याला टीव्हीमागे न्या.

आणि उत्तरायण, म्हणजे आमची पतंगांची संक्रांत. बडोद्यात राहून हे लिहिलं नाही तर काय लिहिलं. १४ आणि १५ जानेवारीला सगळं गाव अगाशीवर (गच्चीवर) असतं आणि सगळ्यांच्या फायबरच्या वायरी पण अगाशीवरूनच ह्या घरावरून त्या घरावर गेलेल्या. पतंग अडकतो, मुलं मांजा ओढतात, काचेचा मांजा वायरीच्या सालीवर घासतो, नाहीतर वायर ताणली जाऊन कुठेतरी कडक वाकते. पूर्ण तुटली तर सोपं, डब्ब्यावर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो, तेव्हा राउटर बंद-चालू करत बसू नका, काही होणार नाही, सरळ तक्रार नोंदवा. त्रासदायक असतं ते अर्धवट दुखावलेलं फायबर. नेट चालू असतं, दिवा हिरवा असतो, पण संध्याकाळी टीव्ही तुटतो आणि परत येतो. डब्ब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर म्हणून एक आकडा असतो, येणाऱ्या उजेडाची ताकद, साधारण उणे १८ ते २४ मध्ये असला की बरं, आणि नेहमीच्या डब्ब्यांची मर्यादा उणे २७ च्या आसपास असते. उत्तरायणच्या आधी तो आकडा एका कागदावर लिहून राउटरला चिकटवून ठेवा. १६ तारखेला परत बघा. १९ चा २५ झाला असेल तर अगाशीवर जाऊन स्वतःची वायर टोकापर्यंत डोळ्यांनी तपासा, मांजाचे गुंते दिसतील, पण ते ओढून काढू नका, ओढताना उरलीसुरली वायर जाते, कात्रीने कापून काढा आणि मग तक्रारीत "नेट स्लो आहे" असं न सांगता "पॉवर १९ होती आता २५ आहे" असं सांगा. आमच्याकडे ह्या वर्षी असं सांगितल्यावर मुलगा नुसता मोबाईल घेऊन नाही आला, स्प्लायसिंगचं (फायबर जोडायचं) मशीन घेऊन आला, आणि जाताना वायर अगाशीवरून काढून कठड्याच्या बाहेरच्या बाजूने भिंतीला क्लिपा मारून दिली.